सप्टेंबरच्या पानावरच्या रेघा

बंडूजींच्या घरात एक गोष्ट कधी तोंडानं बोलली जात नसे, आणि तरी ती घरातल्या चारही माणसांना तारखेनिशी ठाऊक असे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं होतं. सिलिंडर कधी लावलं, दूधवाल्यानं दांडी कधी मारली, चतुर्थी कधी, हे सगळं शकुंतलाबाई त्यावर पेन्सिलीनं मांडायच्या. आणि त्यांच्या सुनेला, गुंजनला, अडचण आली की त्या तारखेपासून चार चौकोनांत एकेक उभी रेघ ओढायच्या. चार रेघा म्हणजे चार दिवस गुंजननं देवापाशी, गॅसपाशी आणि लोणच्याच्या बरणीपाशी जायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती मोकळी.

बंडूजी आणि त्यांचा मुलगा प्रफुल जेवायला बसण्याआधी दारामागे एक नजर टाकत. रेघ दिसली की पाण्याचा गडवा स्वतः भरून घ्यायचा आणि गुंजनला चहाची हाक मारायची नाही, एवढं शहाणपण त्या घरातल्या पुरुषांत होतं. पण 'पाळी' हा शब्द कोणी त्यांच्यासमोर उच्चारला असता, तर बंडूजी उठून घरासमोरच्या आपल्या दोर-बारदान्याच्या दुकानात गेले असते आणि गिऱ्हाईक नसताना पोती मोजत बसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या घरानं ती इतकी वर्षं झाकून ठेवली होती की मुठीत काय आहे हेही बहुधा विसरून गेलं होतं.

गुंजन हिंगणघाटची. लग्न होऊन रोहण्यात आली तेव्हा तिला या रेघांचा राग आला होता. माहेरी असलं काही नव्हतं. मग हळूहळू राग निवला. महिन्यातून चार दिवस पोळ्या लाटायला लागत नाहीत, ही काही रडत बसण्याची गोष्ट नव्हती, आणि सासू त्या चार दिवसांत तिला कामाचं एक भांडं उचलू देत नसे हेही खरं.

त्या वर्षी जूनच्या शेवटी रेघा ओढल्या गेल्या त्या शेवटच्या. जुलैचं पान कोरं गेलं. ऑगस्टचंही अर्धं कोरं गेलं, तेव्हा बंडूजी एक दिवस संध्याकाळी आर्वीहून येताना पाव किलो पेढे घेऊन आले आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून गेले. कशाचे पेढे म्हणून कोणी विचारलं नाही. चौघांनीही खाल्ले.

गुंजननं मोबाइलमध्ये गरोदर बायकांसाठीचं एक ॲप घेतलं होतं. दर आठवड्याला ते सांगायचं, बाळ आता तिळाएवढं आहे, आता द्राक्षाएवढं. ती ते प्रफुलला दाखवायची आणि प्रफुल दुकानात जाऊन दिवसभर हसऱ्या तोंडानं ताडपत्र्या विकायचा.

अठरा सप्टेंबरला सकाळी तिच्या पोटात कळ आली आणि रक्त जायला लागलं. प्रफुलनं शेजारच्याची गाडी मागून तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीवाल्या बाईनं मशीन बराच वेळ पोटावर फिरवलं आणि मग हळू आवाजात सांगितलं की ठोके नाहीत. त्याच दिवशी पिशवी साफ केली. दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन पाळ्या जाऊ द्या, मगच पुढचा विचार करा. प्रत्येक पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. दोन झाल्या की दाखवायला या."

घरी आल्यावर कोणी काही बोललं नाही. शकुंतलाबाईंनी तिला माजघरात निजवलं, पांघरूण घातलं, पेज करून पाजली. कोणी वाईट वागलं असं गुंजन कुणाला सांगू शकली नसती. पण तिसऱ्या प्रहरी शेजारच्या सुलोचनाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, "पोरगी भरती होती म्हणे? काय झालं वं?"

"काई नाई," शकुंतलाबाईंचा आवाज गुंजनला अंथरुणात स्वच्छ ऐकू आला. "अडचण उशिरा आली होती. जास्त गेलं जरा, म्हणून सलाईन लावली."

गुंजन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी न्हाणीकडे जाताना तिला दारामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा ओझरत्या दिसल्या. तेवढं बघून तिनं मान फिरवली ती फिरवलीच. म्हणजे अडचण. दर महिन्याला येते तशी, या वेळी थोडी उशिरा आलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? त्यानंतर महिना पालटेपर्यंत तिनं ते पान डोळे उघडून पाहिलं नाही.

मोबाइल मात्र कोणाचं तोंड दाबत नव्हता. चार दिवसांनी त्यानं सांगितलं की बाळ आता लिंबाएवढं झालंय. गुंजननं ते बंद करायचं बटण शोधलं. त्याआधी त्यानं विचारलं, शेवटची पाळी कधी आली ती तारीख भरा. जून भरावा तर मधले तीन महिने गेले कुठे, आणि अठरा सप्टेंबर भरावा तर आपणही सासूसारखंच केलं. तिनं काहीच भरलं नाही. ॲपच काढून टाकलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. जी येऊ नये म्हणून तीन महिने सगळं घर देव पाण्यात घालून बसलं होतं, ती आता यावी म्हणून बसलं. गुंजन रोज सकाळी न्हाणीत गेली की आधी तपासायची. तिसावा दिवस गेला, पस्तिसावा गेला. आली नाही की वाटायचं, आपल्यात काही बिघडलं. आणि येईल असं वाटलं की त्याहून वाईट वाटायचं, कारण आली म्हणजे शरीरानं ते प्रकरण मिटवून टाकलं, कोरी पाटी घेऊन ते पुन्हा पहिल्यापासून बसलं. तिला स्वतःच्याच शरीराचा राग यायचा. एवढी काय घाई होती त्याला?

एक्केचाळिसाव्या दिवशी, एकोणतीस ऑक्टोबरला, ती आली. गुंजन न्हाणीत उपड्या बादलीवर बराच वेळ बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. दवाखान्यापासून एकदाही आलं नव्हतं. बाहेर येऊन तिनं सांगितलं, "आई, आली." शकुंतलाबाईंनी देवाकडे बघून हात जोडले आणि पेन्सिल घेऊन दारामागे गेल्या.

दुसरी सत्तावीस नोव्हेंबरला आली. अगदी वेळेवर.

डिसेंबर लागला. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि दुकानात पोती, सुतळी, दोर यांना उसंत नव्हती. तरी एका दुपारी प्रफुल जेवायला आला तो लगेच परत गेला नाही. आई कुंपणाशी तूर निवडत बसलेली पाहून तो गुंजनच्या मागे खोलीत आला. मूळचा लाजरा माणूस. बराच वेळ दाराची कडी उगाच चाळवत राहिला.

"डॉक्टरनं तीनच सांगतल्या होत्या ना?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मंग झाल्या ना तीन. म्हणजे मी घाई नाई करून राह्यलो. तुले वाटन तेव्हाच. पण झाल्या, म्हणून म्हटलं."

"कोणत्या तीन?" गुंजनला खरंच कळलं नव्हतं.

"सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. कॅलेंडरवर पाह्यलं ना मी. आईनं रेघा ओढल्या आहे."

गुंजन खाटेवर बसली. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "सप्टेंबरात तुम्हीच मले सावंगीले नेलं होतं. माह्या खाली टॉवेल होता, तो तुम्हीच नंतर धुतला. ते पाळी होती का?"

प्रफुलचा चेहरा उतरला. त्याला मारून हाकलून दिलं असतं तरी तो इतका ओशाळला नसता. "मी तसं नाई म्हणून राह्यलो, गुंजन. मले वाटलं, बायांचं असंच मोजत असन. आईनं मांडलं आहे म्हणजे मोजाचं असन. चुकलं माहं."

चूक त्याची होती आणि नव्हतीही. बायकांचं काय असतं ते या घरातल्या मुलांनी दारामागच्या रेघांवरूनच शिकायचं, दुसरं पुस्तक त्यांच्या हाती कोणी दिलं नव्हतं. गुंजनला त्याचा राग येईना. सगळा राग त्या पेन्सिलीवर गेला आणि पेन्सिल ज्या हातात होती त्या हातावर. प्रश्न एका महिन्याचा नव्हताच. आपल्या पोटात होतं ते या घराच्या लेखी मूल होतं की अंगावरून गेलेलं थोडं जास्तीचं रक्त, एवढाच प्रश्न होता. आणि आज नवऱ्यानंही ते रक्तात जमा केलं.

दोन पाळ्या झाल्या होत्या, दवाखान्यात जायचं होतं. दुकान सोडून प्रफुलला निघता येईना, म्हणून शकुंतलाबाई निघाल्या. सकाळी गुंजननं पिशवीत फाईल ठेवली, आणि तिच्याखाली आपले दोन ड्रेस. तिनं मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरसमोर सासूनं तीन पाळ्या झाल्या असं सांगितलं, तर रोहण्याला परत यायचं नाही. वर्ध्याच्या स्टँडवरून हिंगणघाटची एसटी धरायची. पुढचं पुढे.

निघताना शकुंतलाबाईंनी दारामागचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळी केली आणि वर रबर लावलं. "डॉक्टरीण तारखा विचारते," त्या म्हणाल्या. वर्ध्यापर्यंतच्या एसटीत ती गुंडाळी दोघींच्या मधे उभी होती. पुढे सावंगीच्या ऑटोत शकुंतलाबाईंनी ती मांडीवर घेतली.

दवाखान्यात नंबर लागायला बारा वाजले. आत एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती, अजून शिकत असावी, कारण प्रत्येक प्रश्न ती कागदावर बघून विचारत होती. वजन, बीपी, चक्कर येते का. मग तिनं विचारलं, "पाळीच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत?"

गुंजननं तोंड उघडायच्या आत शकुंतलाबाईंनी रबर काढलं आणि कॅलेंडर टेबलावर पसरलं. ते परत गुंडाळून जायला लागलं तसं त्या मुलीनं त्याच्या एका टोकावर बीपीचं मशीन ठेवलं.

"अरे वा, काकू. इतकं नीट तर कोणीच ठेवत नाही." तिनं बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. "सत्तावीस नोव्हेंबर, चार दिवस. ऑक्टोबरमध्ये एकोणतीस, चार दिवस." ऑक्टोबरची शेवटची रेघ नोव्हेंबरच्या पानावर गेली होती, तीही तिनं शोधली. मग तिनं आणखी एक पान उलटलं. "आणि सप्टेंबरची पाळी अठराला. ही तीनच दिवस आली का?"

गुंजननं मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरले.

"ती पाळी नाई, बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लेकरू गेलं तिचं."

"हो, ते फाईलमध्ये आहे. मग या तीन रेघा?"

"तिसरा महिना होता. पोटातलं लेकरू गेलं तं जितके महिने, तितके दिवस धरा लागते मायले. घरचं माणूस गेल्यावर दहा दिवस धरतो का नाई आपण? तसं. चार ओढल्या असत्या तं ती अडचण झाली असती."

डॉक्टर मुलीनं हे कागदावर कुठे लिहायचं ते शोधलं आणि तशी जागा नसल्यामुळे लिहिलं नाही. गुंजननं पान स्वतःकडे ओढलं. अठरा, एकोणीस, वीस. एकविसाचा चौकोन कोरा होता. तिला आठवलं, एकवीसला सकाळी सासूनं पाणी तापवून तिच्या डोक्यावरून घातलं होतं आणि नंतर देवापाशी दिवा लावला होता. आदल्या तीन दिवसांत तो लागलाच नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, धावपळीत राहिला असेल.

तपासणी झाली. सगळं ठीक होतं. आणखी एक पाळी जाऊ द्या, असं त्या मुलीनं सांगितलं. बाहेर येऊन दोघी औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या. गुंजननं फाईल परत पिशवीत, त्या दोन ड्रेसांवर ठेवली.

"मंग सुलोचनाबाईले काऊन तसं सांगतलं, आई?"

"तिच्या तोंडी तुहं लेकरू काऊन देऊ मी?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत गावात फिरवलं असतं तिनं."

"मले तं सांगाचं होतं."

"तुले काय सांगाचं? मले वाटलं तू पाहशीन रेघा. तू रोज पाहतं ते कॅलेंडर." त्यांनी गुंडाळीवर परत रबर चढवलं. "मले बोलता नाई येत, गुंजन. आमच्यात कोणी बोललंच नाई. माहे दोन गेले, प्रफुलच्या आधी. माह्या सासूनं दोन्ही वेळा चार-चार रेघा ओढल्या. तेव्हा कॅलेंडर नव्हतं, दारामागं कोळशानं ओढे. पाचव्या दिवशी न्हाऊन मी कामाले लागली. तुह्या वेळेस पेन्सिल हातात घेतली अन् म्हटलं, हे काई मी करत नाई."

"बाबांले माहीत आहे?"

"त्याईले कोण सांगन?"

गुंजन बाकावर सरकून त्यांना खेटून बसली. त्यापलीकडे काय करायचं ते तिला सुचलं नाही. दोघी वर्ध्याला आल्या तेव्हा हिंगणघाटची एसटी फलाटाला लागलेली होती. ती निघून गेली, मग रोहण्यावरून जाणारी आर्वीची आली, तिच्यात त्या बसल्या.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले होते. दिवस लहान, थंडी चांगलीच पडलेली. प्रफुलनं खालच्या मानेनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" एरवी या प्रश्नाला त्या घरात 'बरं आहे' एवढंच उत्तर असे आणि मग भाजीत मीठ कमी आहे का याची चर्चा सुरू होई.

"दोन पाळ्या झाल्या," शकुंतलाबाई म्हणाल्या.

बंडूजींनी मान वर केली. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांचा डावा हात जमिनीवर टेकला, उठायच्या बेतात असल्यासारखा.

"तिसरी व्हाची आहे. सप्टेंबरात गेलं ते लेकरू होतं, ते पाळीत मोजाचं नाई. समजलं का, प्रफुल?"

"हो, आई."

"अन् तुम्ही बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपलेही दोन गेले. प्रफुलच्या आधी."

बंडूजी बसले. त्यांना आधी काहीच कळलं नाही असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मग त्यांनी दुकानदाराला सुचेल तोच प्रश्न विचारला. "कधी?"

"एक संक्रांतीच्या आठवड्यात. तुम्ही तेव्हा हिंगणघाटले होते, जिनिंगवर. अन् दुसरं पुढच्या साली, पोळ्याच्या चार दिवस आधी."

"पोळ्याले तं मी घरीच होतो."

"हाव."

"पोळ्याले तू पुरण वाटलं होतं. मी पाह्यलं आहे. पाट्यावर."

"हाव. पाचवा दिवस होता."

बंडूजी ताटाकडे बघत राहिले. "किती महिन्याचे होते?" त्यांनी विचारलं.

"पहिलं तीन. दुसरं साडेचार. पोरगी होती, सुईणीनं सांगतलं मले."

बंडूजींनी ताटातच हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती. ते उठले, खुंटीवरचा पंचा घेतला आणि न्हाणीत गेले. सुतकाची बातमी कितीही उशिरा कळली तरी कळल्या कळल्या डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं, हे त्या घरात कोणाला सांगायला नको होतं. बत्तीस वर्षांनी ती बातमी त्यांना कळली होती. आतून गडव्यानं पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला.

"गरम पाणी देते, थांबा," शकुंतलाबाई म्हणाल्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत आणि बंडूजींनीही ओ दिली नाही.

गुंजनला तेव्हा रडू आलं. अठरा सप्टेंबरपासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, आवाज करून आलं. कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढं. शकुंतलाबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि गप्प राहा म्हणाल्या नाहीत.

बंडूजी ओल्या अंगानं बाहेर आले आणि सरळ खोलीत गेले. मग प्रफुल उठला. कधी न पाहिलेल्या भावंडांसाठी की आपल्या लेकरासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. पंचा घेऊन तो न्हाणीत गेला आणि दार लावून घेतलं.